पिंपे पोचतात, पैसा पोचत नाही

इराणवरच्या निर्बंधांचा विषय निघाला की एक युक्तिवाद ठरलेला असतो. वाहिन्यांवरच्या चर्चेत तो असतो, वर्तमानपत्रांच्या स्तंभांत असतो, आखातात नोकरी करून आलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या तोंडीही असतो. तो असा: निर्बंधांचे रडगाणे पुरे झाले. २०२४ मध्ये इराण दिवसाला सुमारे पंधरा लाख पिंपे तेल परदेशी विकत होता आणि त्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास एकट्या चीनला जात होते. नैसर्गिक वायूच्या साठ्यात रशियाखालोखाल जगात त्याचाच नंबर. तरीही त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेहरानसकट अनेक शहरांत शाळा-कचेऱ्या बंद ठेवाव्या लागल्या, कारण थंडी वाढली आणि वायू-वीज पुरेना. राष्ट्राध्यक्ष मसूद पेझेश्कियान यांना घरातली ऊब दोन अंशांनी कमी ठेवा, असे लोकांना विनवावे लागले. तेल तर विकले जाते आहे, मग वीजघरे का उभी राहिली नाहीत? पैसा राज्यकर्त्यांनी खाल्ला, क्षेपणास्त्रांत घातला, लेबनॉनला धाडला. निर्बंध हे नुसते निमित्त.

हा युक्तिवाद अडाण्याचा नाही. त्यातली सुटी विधाने बहुतेक खरी आहेत, आणि इराणच्या राज्यकर्त्यांची वकिली करण्याची मला हौस नाही. पण त्या विधानांवरून काढलेला निष्कर्ष चुकतो, कारण मुळात मोजायला घेतलेली वस्तूच चुकीची आहे. निर्बंध लागू पडले की नाही, हे आपण बंदरातून किती पिंपे बाहेर पडली यावरून ठरवतो. तेलाच्या रोजच्या विक्रीतून पगार भागतात, गहू येतो, अनुदाने वाटली जातात. वीजघर, रेल्वे, मेट्रो, वायूचा प्रकल्प या गोष्टी पंधरा-वीस वर्षांच्या उधारीवर उभ्या राहतात. त्यासाठी एक लागतो कर्ज देणारा, एक त्या कर्जाचा विमा उतरवणारा, एक यंत्र देणारा आणि पुढची वीस वर्षे त्या यंत्राचे सुटे भाग पुरवणारा. तेलाचे उत्पन्न या साऱ्यांसाठी फक्त तारण असते. निर्बंधांचा घाव पडतो तो या तारणावर. विक्रीच्या आकड्यांत तो दिसत नाही.

हे आपल्याला इतरांपेक्षा नीट ठाऊक असायला हवे होते, कारण या सापळ्याची एक कडी आपल्याच बँकेत होती. डिसेंबर २०१० पर्यंत भारत इराणी तेलाचे पैसे आशियाई क्लिअरिंग युनियनमार्फत चुकते करत असे. तिचे मुख्यालयच तेहरानात. रिझर्व्ह बँकेने ती वाट बंद केली. मग हांबुर्गमधल्या एका युरोपीय-इराणी बँकेतून पैसे जाऊ लागले, तर २०११ मध्ये युरोपीय संघाने त्या बँकेवरच निर्बंध घातले. मग तुर्कस्तानची हाल्कबँक. अखेर २०१२ मध्ये तोड निघाली ती अशी, की किमतीचा ४५ टक्के भाग रुपयांत, कोलकात्याच्या युको बँकेतल्या खात्यात जमा करायचा. युकोच का? तर अमेरिकेत तिचे फारसे काही अडकलेले नव्हते, म्हणून. उरलेले ५५ टक्के पाठवायला पुढे धड मार्गच उरला नाही, तेव्हा ते आपल्या तेल कंपन्यांकडे साचत गेले. २०१६ मध्ये निर्बंध सैल झाल्यावर ही थकबाकी हप्त्याहप्त्याने चुकती झाली, तेव्हा ती सुमारे ६.४ अब्ज डॉलर निघाली.

आणि युकोतल्या रुपयांचे इराणने करायचे काय? भारतातून माल घ्यायचा. बासमती, चहा, औषधे, सोयापेंड. आपले निर्यातदार त्या दोन-तीन वर्षांत खुशीत होते आणि त्यात गैर काही नाही. पण विकणाऱ्याच्या बाजूने बघा. ऊस घातलेल्या शेतकऱ्याला कारखान्याने सांगावे, की तुझे बिल तयार आहे, फक्त ते आमच्याच भांडारातून खत आणि किराणा नेऊन वळते करून घे, विहिरीसाठी रोख मागू नकोस. कागदावर शेतकऱ्याचे काहीच बुडालेले नसते. विहीर मात्र खणली जात नाही. युकोच्या खात्यातून बासमती निघत होता, सीमेन्सचे टर्बाइन निघत नव्हते.

हा काही अपघात नव्हता. अमेरिकी काँग्रेसने ऑगस्ट २०१२ मध्ये केलेल्या कायद्यातच ही तरतूद होती आणि फेब्रुवारी २०१३ पासून ती लागू झाली: इराणी तेलाचे पैसे खरेदीदार देशातच राहतील, त्या दोन देशांमधल्या व्यापारापुरतेच वापरता येतील, तिसऱ्या देशात जाणार नाहीत. निर्बंधांची रचना करणाऱ्यांना नेमके हेच हवे होते. तेल बाजारातून एकदम गायब झाले असते तर भाव भडकले असते आणि त्याची झळ अमेरिकी मोटारवाल्यालाही लागली असती. तेव्हा तेल वाहू द्यायचे, पैसा थिजवायचा. दक्षिण कोरियातल्या दोन बँकांत असे सात अब्ज डॉलर वर्षानुवर्षे पडून होते. सप्टेंबर २०२३ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीच्या सौद्यात त्यातले सहा अब्ज कतारमधल्या खात्यांत हलवले गेले, तेही फक्त अन्न-औषधांसाठी. ऑक्टोबरात हमासने इस्रायलवर हल्ला केला आणि त्या खात्यांना पुन्हा कुलूप लागले. ज्या तेलाचे ते पैसे होते, ते कोरियात कधीच जळून गेले होते.

चीनला जाणारे तेल या कुलपाबाहेर आहे, असे वाटू शकते. ते जाते कसे, हे बघितले की वाटणे थांबते. मलेशियाजवळच्या समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यात, नाव बदलून, कागद बदलून, शानडोंग प्रांतातल्या खासगी लहान रिफायनऱ्यांपर्यंत. भावात सूट, दलालांच्या साखळीला दलाली आणि हाती येतो तो युआन, तोही बहुतांशी चीनमध्येच खर्चण्याजोगा. पंधरा लाख पिंपांना बाजारभावाने गुणून इराणच्या तिजोरीचा अंदाज बांधणारे पंडित ही वजाबाकी करत नाहीत.

पण माझ्या लेखी याहून मोठा मुद्दा मुदतीचा आहे. तेल घेणाऱ्या देशांना अमेरिका युको खात्याच्या त्या काळात सवलत देई ती १८० दिवसांची. ते संपले की पुन्हा पाया पडायचे. आता १८० दिवसांच्या सवलतीवर पंधरा वर्षांचे कर्ज कोणता बँकर देईल? तेलाचे जहाज महिन्याभरात पोचते, त्याचा व्यवहार दोन सवलतींच्या मध्ये बसवता येतो. वीजघराचे कर्ज बसत नाही.

जुलै २०१५ च्या अणुकरारानंतर जानेवारी २०१६ मध्ये निर्बंध उठले तेव्हा याची परीक्षा झाली. तेलाची निर्यात वर्षभरात जवळपास पूर्ववत झाली. पैसा मात्र दारातून आत येईना. फ्रान्सच्या बीएनपी पारिबा बँकेने सुदान, इराण आणि क्युबाशी केलेल्या व्यवहारांपायी २०१४ मध्ये अमेरिकेत सुमारे नऊ अब्ज डॉलर दंड भरला होता. तो आकडा युरोपातल्या प्रत्येक मोठ्या बँकेला पाठ होता. पुढे आल्या त्या एक तर लहान बँका, नाहीतर सरकारी. ऑस्ट्रियात लिंझ शहरातल्या ओबरबँकेने सप्टेंबर २०१७ मध्ये एक अब्ज युरोंच्या कर्जाची चौकट मान्य केली. त्याआधी ऑगस्टमध्ये कोरियाच्या एक्झिम बँकेने आठ अब्ज युरोंची. ८ मे २०१८ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी अणुकरार मोडला आणि जूनमध्ये ओबरबँकेने पाय मागे घेतला. इराण एअरने एअरबसकडे शंभर आणि बोइंगकडे ऐंशी विमाने मागितली होती. हाती आली एअरबसची तीन आणि एटीआरची तेरा छोटी विमाने. बोइंगचे एकही नाही. युरोपने मग डॉलर टाळून व्यापार करण्यासाठी 'इन्स्टेक्स' नावाची यंत्रणा २०१९ मध्ये थाटली. तिच्यातून मार्च २०२० मध्ये वैद्यकीय सामग्रीचा एक व्यवहार झाला. २०२३ मध्ये तिचा गाशा गुंडाळला गेला. युरोपची परराष्ट्रनीती केवढी स्वतंत्र आहे, यावर आपल्याकडे जे भरभरून लिहिले जाते, त्यात या एका व्यवहाराचा उल्लेख मला क्वचितच दिसला.

हा सगळा वाद एका खडकावर तपासून पाहता येतो. इराणच्या आखातात समुद्राच्या तळाखाली जगातले सर्वांत मोठे वायुक्षेत्र आहे. सुमारे ९७०० चौरस किलोमीटरचे. त्यातले ३७०० इराणच्या हद्दीत, त्याला दक्षिण पार्स म्हणतात. उरलेले कतारच्या हद्दीत, त्याला नॉर्थ फील्ड म्हणतात. खडक एक, वायू एक. कतारने काय केले? १९९२ मध्ये जपानच्या चुबू इलेक्ट्रिक या वीज कंपनीला २५ वर्षे द्रवरूप वायू विकण्याचा करार केला आणि त्या कराराच्या भरवशावर जपानी बँकांचे कर्ज उचलले. १९९६ च्या डिसेंबरात रास लाफानच्या दुसऱ्या प्रकल्पाने १.२ अब्ज डॉलरचे रोखे विकले. त्यातल्या मोठ्या हिश्शाची परतफेड थेट २०१४ पर्यंत लांबवलेली होती. न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदाराने वाळवंटातल्या एका चिमुकल्या अमिरातीला अठरा वर्षे उधार दिले, कारण वायू होता, गिऱ्हाईक होते आणि मोबिलसारखी अमेरिकी कंपनी भागीदार होती.

त्याच १९९६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने इराण-लिबिया निर्बंध कायदा केला. इराणच्या तेल-वायू क्षेत्रात वर्षाला ठरावीक रकमेहून जास्त गुंतवणूक करणाऱ्या कोणत्याही देशाच्या कंपनीला शिक्षेचा धाक. आधी ती रक्कम चार कोटी डॉलर होती, पुढच्याच वर्षी दोन कोटी झाली. वायुक्षेत्राच्या हिशेबात ही चिल्लर आहे. एकाच खडकाच्या दोन बाजूंवर, एकाच वर्षात, एकीकडे अठरा वर्षांची उधारी आणि दुसरीकडे ही चिल्लर. पुढे कतारची क्षमता वर्षाला ७.७ कोटी टन द्रवरूप वायूपर्यंत गेली आणि आपण दहेजला त्याचाच वायू उतरवू लागलो. इराणने आजवर द्रवरूप वायूचे एकही मोठे जहाज निर्यात केलेले नाही. तोंबाक इथला त्याचा प्रकल्प अर्धवट पडला, कारण द्रवीकरणाचे तंत्र देणारी जर्मन कंपनी निघून गेली.

इथे कोणी म्हणेल, की इराणने दक्षिण पार्समधून वायू तर काढलाच. काढला, आणि निर्बंधांच्या ऐन काळात काढला, हे मान्यच. देशाचा बहुतेक वायू आज तिथूनच येतो. पण वायुक्षेत्राचा दाब वर्षांगणिक उतरतो. तो टिकवायला समुद्रात वीस-वीस हजार टनांचे दाबवर्धक मंच उभारावे लागतात. ते तंत्र मोजक्या कंपन्यांकडे आहे. जुलै २०१७ मध्ये फ्रान्सच्या टोटालने अकराव्या टप्प्याचा ४.८ अब्ज डॉलरचा करार केला, तो याच मंचासाठी महत्त्वाचा होता. मे २०१८ मध्ये अमेरिका अणुकरारातून बाहेर पडताच आठवड्याभरात टोटालने आपली अडचण जाहीरपणे सांगितली. कंपनीच्या ९० टक्क्यांहून अधिक वित्तव्यवहारांत अमेरिकी बँका होत्या, भागधारकांत ३० टक्क्यांहून अधिक अमेरिकी होते आणि अमेरिकेत तिचे दहा अब्ज डॉलरहून जास्त भांडवल गुंतले होते. इराणमधल्या त्या प्रकल्पावर तोवर खर्च झाला होता चार कोटी युरोंपेक्षा कमी. ही तराजूची दोन पारडी. टोटाल ऑगस्टमध्ये गेली, चीनची सीएनपीसी २०१९ मध्ये गेली. इराणच्या पेट्रोपार्सने एकटीने काम ओढत नेले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्या टप्प्यातून पहिला वायू आला, तोही मंचाविना. डिसेंबर २०२४ मधल्या तेहरानच्या गारठ्याची मुळे शोधायची तर ती मे २०१८ मधल्या या निवेदनापर्यंतही जातात.

निर्बंध खरे अडसर असतील तर चीन आहेच की, असे यावर सांगितले जाते. मार्च २०२१ मध्ये इराण-चीनचा २५ वर्षांचा सहकार्य करार झाला तेव्हा आपल्याकडे अग्रलेखांत धोक्याच्या घंटा वाजल्या होत्या. त्याआधी सप्टेंबर २०१७ मध्ये चीनच्या सिटिक समूहाने दहा अब्ज डॉलरची कर्जमर्यादा जाहीर केली होती. तेहरान-मश्हद रेल्वेच्या विद्युतीकरणासाठी चिनी एक्झिम बँकेचे दीड अब्ज डॉलर ठरले होते. तेहरान मेट्रोसाठी ६३० डब्यांचा करार होता. या घोषणा मोजल्या तर इराण चिनी पैशात न्हाऊन निघायला हवा होता. मश्हदची गाडी डिझेलवरच राहिली आणि मेट्रोचे ते डबे पैशांच्या हमीवाचून वर्षानुवर्षे अडकले. चिनी सरकारी बँकांचेही डॉलरमधले व्यवहार न्यूयॉर्कमधूनच जातात, हे त्याचे साधे कारण.

ऑक्टोबर २०२५ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने मात्र एक वेगळी बातमी दिली, आणि तिला बगल देणे प्रामाणिकपणाचे नव्हे. बातमीनुसार इराणी तेलाच्या बदल्यात चिनी कंपन्या इराणमध्ये बांधकामे करतात. पैसा इराणला येतच नाही, तो चीनमधल्याच एका वित्तसंस्थेमार्फत चिनी कंत्राटदाराला मिळतो, आणि सायनोशुअर ही चिनी सरकारी विमा कंपनी त्यामागे उभी असते. २०२४ मध्ये अशा मार्गाने ८.४ अब्ज डॉलरपर्यंत रक्कम गेली, असे त्यात म्हटले होते. मग माझे म्हणणे खोटे ठरले का? काही कामे उभी राहत असतील, हे मी मान्य करतो. पण या व्यवहारात तेल घेणारा, काम करणारा, यंत्र देणारा, विमा उतरवणारा आणि हिशेब ठेवणारा, सगळे एकाच बाजूचे. निविदा कोणाशी स्पर्धा करणार? भाव कोण तपासणार? कर्ज मिळत नाही म्हणून ज्याला वस्तुविनिमयावर यावे लागते, त्याच्या अगतिकतेचे उदाहरण म्हणून मी ही बातमी वाचतो. निर्बंध निष्फळ ठरल्याचा पुरावा म्हणून ती वापरायची असेल, तर इराणी करदात्याला हे वीजघर केवढ्याला पडले, तेही सांगावे लागेल.

राज्यकर्त्यांच्या दोषाबद्दल मी आखडते घेतो आहे, असे वाटू नये. तो दोष डोंगराएवढा आहे. इराणी राज्यघटनेचे ८१ वे कलम परकीयांना मक्ते देण्यास मनाई करते. त्यामुळे नव्वदच्या दशकात परकी कंपन्यांशी झालेले करार असे विचित्र होते, की काम करून द्यायचे, ठरलेला मोबदला घ्यायचा आणि क्षेत्र सोडून निघून जायचे. त्यात दीर्घकाळ टिकणारा भागीदार मिळेल कसा? पेट्रोल अनुदानाच्या दरात लिटरला १५०० तोमान होते. २०२४ च्या खुल्या बाजारातल्या विनिमय दराने जेमतेम दोन रुपये! इंधनाच्या अशा दरांत कोणाचेही वीज-वायू महामंडळ स्वतःच्या कमाईतून नवी वाहिनी टाकू शकणार नाही. विहिरींच्या तोंडाशी वायू नुसता जाळून टाकण्यात इराण जगातल्या पहिल्या दोन-तीन देशांत असतो, आणि त्याच देशात हिवाळ्यात वीजघरांना वायू मिळत नाही म्हणून मझुत हे घाणेरडे जड तेल जाळतात. काळ्या पैशाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय नियमांना मान्यता द्यायची की नाही, यावर तेहरानमध्ये वर्षानुवर्षे घोळ चालला. त्यामुळे फेब्रुवारी २०२० मध्ये एफएटीएफ या देखरेख संस्थेने इराणला पुन्हा काळ्या यादीत घातले. हे कोणा अमेरिकनाने केले नाही.

आणि गोतवंद. खुझेस्तान प्रांतात कारुन नदीवर बांधलेले हे धरण दशकाहून अधिक काळापूर्वी मोठ्या अभिमानाने सुरू झाले. जलाशयाच्या पोटात मिठाचे थर आहेत, असे भूगर्भतज्ज्ञ आधीपासून सांगत होते. मिठावर मातीचे अस्तर घालू, असे उत्तर मिळाले. पाणी भरले, अस्तर धुऊन गेले, मीठ विरघळले आणि देशातल्या सर्वांत मोठ्या नदीचे पाणी खालच्या अंगाला खारट झाले. खजुरीच्या बागा आणि शेते त्याच पाण्यावर. जुलै २०२१ मध्ये खुझेस्तानात लोक पाण्यासाठी रस्त्यावर उतरले. निर्बंधांनी त्या जलाशयात मीठ नेऊन टाकले नव्हते, असे माझे विरोधक म्हणतील. बरोबर आहे.

पण धरण बांधले कोणी, हेही विचारू. क्रांती रक्षक दलाच्या खातम अल-अंबिया या बांधकाम समूहातल्या कंपनीने. इराण-इराक युद्धानंतर जन्मलेला हा समूह सुरुवातीला फुटकळ कामे करत असे. २००७ मध्ये अमेरिकेने त्याच्यावर निर्बंध घातले. तेव्हापासून युरोपीय, जपानी कंपन्या जसजशा बाहेर पडल्या, तसतशी बोगदे, वाहिन्या, रिफायनऱ्या, बंदरे यांची कामे याच्या पदरात पडत गेली. अनेकदा निविदेशिवायच, कारण दुसरा बोलीदार उरलाच नव्हता. ऑगस्ट २०११ मध्ये तर या समूहाचे प्रमुख रोस्तम घासेमी थेट तेलमंत्री झाले. कंत्राटदार आणि कंत्राट देणारा एकाच घरात.

माझा खरा आक्षेप इथे आहे. 'दोष निर्बंधांचा की राजवटीचा' हा प्रश्न विचारला जातो तेव्हा दोन्ही कारणे जणू वेगवेगळ्या खोल्यांत राहतात, असे गृहीत धरलेले असते. परकी कर्जाबरोबर नुसता पैसा येत नाही. पर्यावरणाचा अहवाल, भूगर्भाची फेरतपासणी, तिऱ्हाइताचे लेखापरीक्षण आणि 'हे दाखवा, मग पुढचा हप्ता' म्हणणारा कटकट्या अधिकारीही येतो. सरदार सरोवराच्या वेळी जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने काय केले, हे आपल्याला आठवत असेल. पुनर्वसनाचा आणि पर्यावरणाचा घोळ तिने जगापुढे मांडला आणि १९९३ मध्ये उरलेल्या कर्जावर पाणी सोडावे लागले. धरण झाले, पण निदान प्रश्न तरी विचारले गेले. गोतवंदच्या मिठाबद्दल हप्ता रोखण्याची ताकद असलेला कोणी प्रश्नकर्ता नव्हता. निर्बंधांनी त्याला आधीच हद्दपार केले होते. ज्या दलाला कमजोर करायचे म्हणून निर्बंध घातले, त्यालाच देशातला सर्वांत मोठा ठेकेदार करून ठेवले. याला धोरणाचे यश म्हणायला मी तयार नाही.

तेहरानमधल्या कट्टरांचे याउलट टोक आहे. ते म्हणतात, निर्बंध ही इष्टापत्ती, त्यांनी आम्हाला स्वावलंबी केले. सर्वोच्च नेतेपदी असताना अली खामेनी यांनी या 'प्रतिकाराच्या अर्थव्यवस्थे'चा गजर वर्षानुवर्षे केला. पुरावा म्हणून बंदर अब्बासची पर्शियन गल्फ स्टार रिफायनरी दाखवतात. तिचे काम २००६ मध्ये सुरू झाले आणि पहिला टप्पा २०१७ मध्ये चालू झाला. अकरा वर्षे! मापना समूहाने टर्बाइन बनवण्यात मिळवलेले कौशल्य मात्र खरे आहे, पण तेही सीमेन्सच्या परवान्याखाली शिकलेले, आणि नव्या पिढीच्या टर्बाइनसाठी २०१६ मध्ये पुन्हा सीमेन्सकडेच जावे लागले. या गजरावर याहून जास्त शाई घालवण्याची गरज नाही.

आपल्या अंगणातले उदाहरण चाबहारचे. मे २०१६ मध्ये तेहरानमध्ये मोदी, इराणचे रूहानी आणि अफगाणिस्तानचे घनी यांच्या साक्षीने करार झाला. बंदर चालवणारी इंडिया पोर्ट्स ग्लोबल ही कंपनी आधीच, २०१५ मध्ये, उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदराने कांडल्याच्या साथीने उभी केली होती. चाबहारला अमेरिकेने नोव्हेंबर २०१८ मध्ये निर्बंधांतून रीतसर वगळले. म्हणजे हा प्रकल्प कायदेशीर, अमेरिकेच्या संमतीचा, भारत सरकारच्या पैशाचा. तरीही साडेआठ कोटी डॉलरची यंत्रसामग्री घेताना पुरवठादार आणि बँका कचरत राहिल्या. जागतिक बँकांनी घाबरू नये म्हणून अमेरिकेला २०१९ च्या अखेरीस लेखी हमी द्यावी लागली, अशी बातमी होती. इटलीहून १४० टनी दोन फिरत्या क्रेन जानेवारी २०२१ मध्ये पोचल्या. करार झाल्यापासून पावणेपाच वर्षांनी दोन क्रेन. चाबहार-झाहेदान ही ६२८ किलोमीटरची रेल्वे आपली सरकारी कंपनी इरकॉन बांधणार होती. जुलै २०२० मध्ये इराणने रूळ टाकायला स्वतःच सुरुवात केली. भारताच्या कंपन्यांनी २००८ मध्ये शोधलेले फरझाद-बी हे वायुक्षेत्र मे २०२१ मध्ये पेट्रोपार्सला दिले गेले. मे २०२४ मध्ये आपण चाबहारचा दहा वर्षांचा करार केला आणि सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने ती जुनी सवलतच काढून घेतली. मग पुन्हा मिळाली ती सहा महिन्यांची. दहा वर्षांचा करार, सहा महिन्यांची सवलत. सूट मिळालेल्या प्रकल्पाची ही अवस्था असेल, तर सूट न मिळालेल्या वीजघराला कर्ज का मिळत नाही, हे वेगळे सांगायला नको.

हे पहिल्यांदा घडते आहे, असेही नाही. इराकवर १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध घातले. 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजनेत १९९६ च्या अखेरीपासून तेल विकायला परवानगी मिळाली, पैसा मात्र न्यूयॉर्कमधल्या एका खात्यात. आपल्याकडे ही योजना आठवते ती व्होल्कर अहवालामुळे आणि त्यापायी नटवर सिंह यांचे परराष्ट्र मंत्रिपद गेल्यामुळे. त्या घोटाळ्याच्या धुरळ्यात मूळ गोष्ट झाकली गेली. इराकने रीतसर मागवलेली वीज-पाण्याची यंत्रे लष्करी कामाला वापरता येतील या संशयावरून निर्बंध समितीत अडवली जात, आणि २००२ च्या मध्यापर्यंत अशा अडवलेल्या मालाची किंमत पाच अब्ज डॉलरवर गेली होती. खात्यात पैसे होते. पंप नव्हते. योजनेचे इराकमधले समन्वयक डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये आणि त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये राजीनामे दिले, ते याच धोरणाच्या निषेधार्थ. सद्दाम त्यानंतरही गादीवर होता.

२८ सप्टेंबर २०२५ पासून संयुक्त राष्ट्रांचे निर्बंधही इराणवर पुन्हा लागू झाले. त्यांचे समर्थन करता येते. इराणच्या हाती अणुबॉम्ब पडू नये, यासाठी वाटेल ती किंमत योग्य, अशी भूमिका घेणारा माणूस मला समजू शकतो. पण मग त्याने ती पूर्ण मांडावी, आणि खुझेस्तानातल्या अहवाझमधल्या घरात पन्नास अंशांच्या उन्हाळ्यात वीज गेली तरी चालेल, हेही त्याच वाक्यात म्हणावे. निर्बंध कडक असावेत असेही म्हणायचे आणि त्यांचा काही परिणामच होत नाही असेही म्हणायचे, हे एका तोंडाने जमत नाही. तेव्हा यापुढे 'इराण तेल तर विकतोच आहे' असे कोणी ऐकवले, तर वाचकहो, त्याला एवढेच विचारा: विकलेल्या तेलाचे पैसे कोणत्या देशात आहेत, कोणत्या चलनात आहेत, आणि त्या तारणावर पंधरा वर्षांचे कर्ज कोणती बँक देते आहे?